मामांच्या डिस्कमधला चोरकप्पा

माझ्या मामांनी आयुष्यभर कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या पिशव्या तपासल्या. निवृत्तीनंतर फाटक सुटलं, झडती घ्यायची सवय सुटली नाही. दूधवाला असो की डॉक्टर, कुणी गोड बोललं की मामा म्हणणार, "कुठंतरी पाणी मुरतंय." मला या स्वभावाचा रागही येतो आणि हसूही येतं. त्यात त्यांचा जावई निघाला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, मग तर बघायलाच नको.

मामांच्या कॉम्प्युटरमध्ये मामींचा आवाज होता. अंधांच्या शाळेसाठी मामी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या. मध्येच "अहो, गॅस बंद करा" असंही ऐकू यायचं. मामी गेल्यापासून ते ऐकल्याशिवाय मामा सकाळचा चहा घेत नसत. कॉम्प्युटर आता रडतखडत चालत होता. तो बंद पडला तर मामी दुसऱ्यांदा जातील, याची त्यांना धास्ती होती.

म्हणून जावयाने एका रविवारी जुन्या मोठ्या डिस्कच्या जोडीला एक लहान, वेगवान डिस्क बसवली. मामा स्टूल ओढून त्याच्या मानेशीच बसले.

"दोन कशाला?"

"बाबा, लहान डिस्क चालवायला, मोठी साठवायला."

"इतकी वर्षं एकीवर भागत होतं की."

 जावयाने मोठ्या डिस्कच्या टोकाला रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे एक राखीव कप्पा, केलं, काही बिघडलंच तर सगळं परत आणता यावं म्हणून त्यात सगळ्याची प्रत ठेवली, आणि मामांचा हात लागू नये म्हणून ते लपवलं. सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर रात्र प्रश्नोत्तरांत गेली असती.

आठवड्याभरात मामांचा फोन आला. "डिस्कमधली जागा कमी झालीये. चोरकप्पा केलाय त्यानं."

"मामा, त्यालाच विचारा ना."

"चोराला विचारून झडती घेतात का?"

तो कप्पा साध्या मार्गाने पुसला जाईना, तेव्हा मामांनी इंटरनेटवर कुठलीशी कमांड शोधली आणि जशीच्या तशी टाइप केली. कप्पा गेला. त्याच्याबरोबर अख्खी मोठी डिस्क कोरी झाली, मामींच्या आवाजासकट.

मी पोचले तेव्हा मामा पडद्यासमोर बसून होते आणि चहावर साय धरली होती. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही. थोड्या वेळाने जावई आला.

"मी पुसलं," मामा म्हणाले. "माझ्या हातानं."

जावयाने बॅगेतून एक डिस्क काढली. "त्या रविवारी एक प्रत मी घरी नेली होती. तुम्हाला न विचारता."

मामांनी मान वर केली. "म्हणजे माझ्या घरातून, माझ्या डोळ्यांदेखत, माल बाहेर नेलात?"

"हो, बाबा. विचारलं असतं तर नेऊ दिला नसतात."

आता भडका उडणार म्हणून मी दोघांच्या मध्ये सरकले. पण जावयाने डिस्क जोडली, मामी वाचू लागल्या, आणि मामा तोंडावर पंचा धरून रडले. 

"आणखी एक प्रत करा," शेवटी मामा म्हणाले. "आणि कुठं ठेवलीत, ते मला सांगू नका."