तीन वाजताची माते

एकाच ऑफिसात पंधरा वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. ड्रॉवरमध्ये केचपच्या पुड्या आणि डोक्यात किस्से. पुड्या मी मागच्या महिन्यात फेकून दिल्या. किस्से फेकवत नाहीत. आणि गंमत म्हणजे आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच भोपळ्यातून निघालेले आहेत.

आमचं ऑफिस कॅनडात एटोबिकोला, एअरपोर्टच्या अगदी जवळ. विमान डोक्यावरून गेलं की मीटिंगमधले सगळे सवयीने दहा सेकंद गप्प बसतात. आम्ही लिफ्टच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर करतो. माणसं एकूण नऊ. त्यातली मी वृंदा, मूळची सांगलीची. दुसरे पाध्ये काका, वय चौसष्ट, चाळीस वर्षं कॅनडात राहून मराठी अजून कडक इस्त्रीचं. आणि तिसरी ग्रासिएला, उरुग्वेची, सपोर्टचे फोन घेणारी.

ग्रासिएला पहिल्या दिवशी आली तीच काखेत थर्मास मारून. दुसऱ्या हातात मुठीएवढा, वाळवून कोरलेला भोपळा. त्यात हिरवा पाला ठासून भरलेला आणि पाल्यात रुतवलेली धातूची नळी. वरून गरम पाणी ओतायचं, नळीने ओढायचं, पुन्हा पाणी ओतायचं. चव सुरुवातीला कडुनिंबाच्या काढ्यासारखी लागते, पण वीस मिनिटांत डोक्यातल्या सगळ्या खिडक्या उघडतात. तीन वाजता, जेव्हा सगळं ऑफिस पेंगायला लागतं, तेव्हा तिने ते काढलं आणि आम्हाला नाव सांगितलं. "माते."

पाध्ये काकांनी तरुणपणी गणेशोत्सवाच्या नाटकात लक्ष्मणाचं काम केलेलं. ते खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "आज्ञा, माते."

ग्रासिएलाला अर्थातच काही कळलं नाही. पण कॅनडात तिच्या मातेला उठून नमस्कार करणारा हा पहिलाच माणूस. पहिला भोपळा तिने त्यांनाच दिला.

*

तिथेच काकांची पंचाईत झाली. भोपळा एक, नळी एक आणि पिणारी माणसं पाच. काका जन्मभर पाणीसुद्धा वरून प्यालेले. त्यांनी नळी ओठांपासून दोन बोटं लांब धरली आणि नुसतीच हवा ओढत बसले. ग्रासिएलाला वाटलं, फार गरम आहे म्हणून फुंकर घालतायत.

दुसऱ्या दिवशी ते घरून स्वतःची स्टीलची स्ट्रॉ घेऊन आले. नातवाची, स्मूदीची. आता ग्रासिएलाच्या नळीला खाली गाळणी असते. नातवाच्या स्ट्रॉला नव्हती. काकांनी जोरात ओढलं आणि सगळा पाला तोंडात आला. नेमकं त्याच क्षणी मॅनेजरने आत येऊन विचारलं, विनिपेगचं काम कोण घेणार? ते काम सहा महिने कोणी घेत नव्हतं. मॅनेजरने काकांकडे पाहिलं. तोंड उघडायची सोय नव्हती, थुंकायचीही नव्हती. काकांनी मान हलवली.

विनिपेगचं काम दीड वर्ष चाललं. तिसऱ्या दिवसापासून काका सगळ्यांची नळी ओढायला लागले. म्हणाले, "उष्टं परवडलं."

*

माझी फजिती वेगळीच. ग्रासिएला सगळ्यांना तीन-तीन, चार-चार वेळा भरून द्यायची आणि मला फक्त एकदा. रोज. मी आधी दुर्लक्ष केलं. मग मनात हिशेब मांडले. हिच्या बर्थडेच्या कार्डवर सही राहिली होती का? फोनवर काही बोलले का? मला तर दुसऱ्यांदा प्यायची तल्लफ यायची, पण मागणार कसं? बरं, मी किती गोड वागत होते. तिला बरं वाटावं म्हणून मुद्दाम स्पॅनिश शिकले होते. भोपळा परत देताना रोज हसून धन्यवाद द्यायचे, "ग्रासियास."

दोन महिन्यांनी मी तिला पार्किंगमध्ये गाठलं आणि सरळ विचारलं, माझं काही चुकलं का? ती गोंधळलीच. म्हणाली, अगं, उलट मला वाईट वाटतं की तुला माझी माते आवडत नाही. त्यांच्याकडे म्हणे भोपळा परत देताना 'ग्रासियास' म्हटलं, की 'बास, आता नको' असा अर्थ होतो. पाहिजे असेल तर गपचूप परत द्यायचा.

दोन महिने मी तिला रोज हसून हसून 'नको' म्हणत होते. त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं आणि सात वेळा प्यायले. संध्याकाळी घरी जाऊन सगळ्या पँट्री शेल्फवर लेबलं लावली. हळदीच्या डब्यावर तीन.

*

त्या तरतरीचा खरा फायदा झाला तो काकांच्या गल्लीला. एका शनिवारी सकाळी चांगला फूटभर स्नो पडला होता. काकांनी तोवर घरीही, काकूंना न सांगता, माते सुरू केली होती. ते दोन थर्मास रिकामे करून बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन बाहेर पडले. आपला ड्राइव्हवे झाला. अंगात जोर शिल्लक होता, म्हणून शेजाऱ्याचा केला. मग समोरच्याचा. असे सहा. काकू खिडकीतून हाका मारतायत, पण टोपीखाली ऐकू कोणाला येणार? सातव्या घराचा मालक बाहेर येऊन म्हणाला, सर, मी तुम्हाला ओळखत नाही. काका म्हणाले, काही हरकत नाही, आणि त्याचाही केला.

पुढच्या स्नोला काका अंग दुखतंय म्हणून झोपून होते. अख्खी गल्ली खिडकीत उभी राहून वाट बघत होती.

*

त्याच हिवाळ्यात काकूंना गाडीच्या डिकीत विंटर टायरच्या मागे एक पुडकं सापडलं. आत चुरलेला हिरवा पाला. हा गांजाच, असं वाटून त्यांचा धीरच सुटला. नवऱ्याला न विचारता त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. मीरा इथेच जन्मलेली, सोशल वर्कर. तिने वडिलांना बेसमेंटमध्ये नेलं, समोर बसवलं, हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, इट्स लीगल नाऊ. वी आर नॉट जजिंग यू."

काकांना वाटलं, शोव्हलिंगच्या दिवशी जास्त झालेल्या मातेचा विषय आहे. ते म्हणाले, अगं, मी एकटा थोडाच घेतो, आमचं सगळं ऑफिस घेतं. रोज तीन वाजता, गोल करून. मॅनेजरसुद्धा. वृंदा तर सात-सात वेळा.

मला मीराचा अजूनही दर दिवाळीला मेसेज येतो. शेवटी न चुकता लिहिते, 'माय डोअर इज ऑलवेज ओपन.'

*

आमच्या सासूबाई मिरजेहून आल्या, तेव्हा मी शुक्रवारी घरून काम करत होते. समोर लॅपटॉप, हातात भोपळा, तोंडात नळी. त्यांनी लांबून पाहिलं आणि आत जाऊन आपल्या मुलाला फोन लावला. वृंदा हुक्का ओढतेय, म्हणाल्या. "आणि मेली धूरसुद्धा बाहेर सोडत नाही रे, सगळा गिळते."

गैरसमज मिटल्यावर त्यांनी मातेचा ताबा घेतला. ग्रासिएला घरी येणार म्हटल्यावर तिच्यासाठी खास केली. दूध, साखर, आलं, वेलदोडा घालून खळखळा उकळली आणि कपबशीतून दिली. ग्रासिएलाने त्या करड्या-हिरव्या रंगाकडे पाहिलं, डोळे मिटले, कप संपवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "ग्रासियास."

सासूबाई खूश. मला म्हणाल्या, धन्यवाद म्हणाली बघ पोरगी, आण अजून एक कप.

*

आता शेवटचा. मागच्या फेब्रुवारीतला.

आमचं मुख्य ऑफिस बर्नाबीला. तिथून डॉना नावाच्या मोठ्या बाई येणार असं कळलं. आमच्या जागेचं लीज संपत आलेलं आणि एटोबिकोचं ऑफिस उचलून बर्नाबीला न्यायचं घाटत होतं. कोणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलेलं. ग्रासिएलाने नुकताच कॉन्डो घेतलेला. माझी मुलगी ग्रेड इलेव्हनला. कोण जाणार होतं साडेचार हजार किलोमीटर?

डॉनाबाई सकाळी आल्या. हातात वही, चेहऱ्यावर काही नाही. प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोलल्या आणि लिहीत राहिल्या. त्या दिवशी दुपारी माते काढू नका, असं मॅनेजर सकाळीच सांगून गेला होता. पण तीन वाजले आणि ग्रासिएलाचा हात सवयीने थर्मासकडे गेला. आम्हीही सवयीने गोल बसलो. बाई येऊन उभ्या राहिल्या. हे काय आहे, म्हणाल्या. ग्रासिएलाने भोपळा भरून त्यांच्या हातात दिला. मागे मॅनेजर दोन्ही हातांनी नको-नको करत होता.

आता मातेचा एक नियम असा, की नळीला हात लावायचा नाही. ती हलली की पाला सुटतो, नळी तुंबते, सगळी मेहनत वाया. बाईंनी नळी चमच्यासारखी चिमटीत धरली आणि ढवळायला लागल्या.

चाळीस वर्षांत एकाही साहेबाला 'नाही' न म्हटलेले पाध्ये काका ताडकन उभे राहिले आणि मराठीत ओरडले, "अहो, हलवू नका!"

मॅनेजरने डोळे मिटून घेतले. बाईंनी हळूच नळी सोडली आणि विचारलं, हे काय म्हणाले? मी तोंड उघडलं, पण पुरेसं नम्र इंग्रजी सापडेना. ज्या ग्रासिएलाला मराठीचा एक शब्द येत नाही, ती शांतपणे म्हणाली, "ही सेज, डोन्ट मूव्ह इट."

बाई काकांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भोपळा पार सुर्र वाजेपर्यंत ओढला आणि काही न बोलता परत दिला. ग्रासिएलाने पुन्हा भरला. असं चार वेळा झालं. जाताना त्यांनी मला ते वाक्य सावकाश म्हणायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग एका सोमवारी सगळ्यांच्या नावे मेल आली. मॅनेजर मोठ्याने वाचत होता, आम्ही त्याच्या खुर्चीमागे उभे. लीज पाच वर्षांनी वाढवलेलं. मग क्लायंट, मग खर्च, मग शुभेच्छा. शेवटी तो अडखळला. म्हणाला, सहीच्या वरची ओळ काही कळत नाही, टायपो असणार.

काकांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"अहो, हलवू नका."