सोडलं म्हणजे पडलं असं नाही

बोलता बोलता बाई हातातला खडू सोडून द्यायच्या. तो पडला की स्वतःच वाकून उचलायच्या आणि म्हणायच्या, "इथे पडला. पण सोडलं म्हणजे पडलंच, असं नसतं हो." गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. त्यांच्या खडूंच्या तुकड्यांवर माझा फळा वर्षभर चालायचा.

रशियाने आकाशात उपग्रह सोडला आणि इकडे बाईंच्या अंगात आलं. शिक्षकांच्या खोलीत चहा निवून जायचा, बाई आपल्या पृथ्वीभोवती फिरत असायच्या. नेमकं तेव्हाच शाळेच्या मंडळींनी ठरवलं, की मॅट्रिकच्या मुलींचं विज्ञान बंद करून शिवणकाम सुरू करावं. बाई इरेला पेटल्या. भांडून भांडून त्यांनी पालकांची सभा बोलवायला लावली.

बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, आत आमची. ठाकूरद्वारचे एक गृहस्थ उठले. घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा बसला होता, पण खोचकपणा शाबूत होता.

"बाई, तो रशियाचा गोळा आमच्या चाळीवर आला आणि त्यांनी वरून बॉम्ब सोडला, तर तुमचं विज्ञान काय कामाचं?"

सभा हसली. मला धडकीच भरली, कारण बाईंची जीभ फार तिखट. पण त्या वळल्या दुसरीकडेच. गृहस्थांची मुलगी पाण्याचे पेले फिरवत होती, तिला म्हणाल्या, "सांग गं, कुठे पडेल?"

पोरीने तबक खाली ठेवलं. "आपल्या चाळीवर पडणारच नाही, अण्णा. तुम्ही चालत्या ट्राममधून उतरताना पुढे का धावता?"

"नाही धावलो तर तोंडावर आपटेन."

"कारण अंगात ट्रामचा वेग असतो. तसा बॉम्बच्या अंगात उपग्रहाचा वेग. नुसता सोडला तर त्याच्याच बरोबर फिरत राहील. खाली आणायचा तर मागे ढकलून वेग कमी करायला हवा. तोही पार पृथ्वीच्या पलीकडे असताना, तेव्हा कुठे इकडे पडेल. डोक्यावर आल्यावर उशीर झाला."

मागून अण्णांच्या बायकोचा आवाज आला, "मुलींचं विज्ञान झालंच पाहिजे." मग सगळ्या आयांनी ते उचलून धरलं. बसलेल्या घशाने सगळ्यांत जोरात ओरडत होते ते अण्णाच. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

विज्ञान राहिलं. त्या वर्षी मॅट्रिकला इतक्या मुली आल्या की बाकं पुरेनात. बाईंनी आपली खुर्ची एका मुलीला दिली आणि वर्षभर उभ्याने शिकवलं.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या बसलेल्या आठवतच नाहीत.