दोन बंदांची बॅग

मनोहर रेवाळे दुपारचा झोपत नाही, असं तो स्वतः सगळ्यांना सांगतो. तो फक्त ‘जरा पाठ टेकतो’. दापोलीच्या बाजारातल्या त्याच्या फोटो स्टुडिओचं शटर दीड वाजता अर्ध्यावर येतं, डबा संपतो आणि मागच्या खोलीतल्या लांबट बाकावर पाठ टेकली जाते. कोणी हाक मारलीच तर ‘जागाच आहे मी’ म्हणायचं, गालावर बाकाची फळी उमटलेली असली तरी.

आज पाठ टेकतानाही त्याच्या गळ्यात कॅमेरा आहे. नवा, लहान, तळहातावर मावणारा. पुण्याहून त्याच्या मुलीनं, तेजलनं आणून दिलेला. “बाबा, यात आरसा नसतो, म्हणून एवढा हलका. दिवसभर गळ्यात ठेवा, म्हणजे सवय होईल.” त्याचा पट्टा इतका लांब आहे की कॅमेरा पोटावर येऊन बसलाय. तो श्वासाबरोबर वरखाली होतो.

कोपऱ्यात जुनी बॅग आहे. तिच्यात मोठा, आरशाचा कॅमेरा, दोन जाडजूड लेन्सा, फ्लॅश आणि देव जाणे काय काय. ही बॅग दुकानात मिळालेली नाही. त्याची बायको शैला हर्णै बंदरावरची, होडी हाकणाऱ्या तांडेलाची मुलगी. तिनं तिथल्याच शिडं शिवणाऱ्याकडून ती जाड कापडाची शिवून घेतली आणि तिला मुद्दाम दोन बंद लावले. एक याच्या हातात, एक तिच्या. पंचवीस वर्षं लग्नामुंजींना दोघं अशीच जायची, मधे बॅग झुलवत. लोक हसायचे. शैला म्हणायची, हसू दे, फोटोत दात चांगले येतील.

शैलाला जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून दोन्ही बंद एकाच खांद्यावर. खांदा आखडला, हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, वजन सोडा. तेजलनं हा कॅमेरा आणला. मनोहरनं तो शनिवारी एका साखरपुड्याला नेला आणि हसं करून घेतलं. सगळं घर ओळीनं बसलेलं, पोटं आत, माना ताठ, श्वास धरलेले. यानं बटण दाबलं. आवाजच नाही! माणसं आपली खट्ट होण्याची वाट बघत तशीच. यानं दहा फोटो काढले आणि दहाही फोटोंत सगळे तुरुंगात नेण्याआधी काढतात तसे. शेवटी मुलीच्या काकांनी दातांतून विचारलं, “काढलात का हो?”

तेव्हापासून त्याचं ठरलंय. आज पाचला मेहेंदळ्यांच्या अंगणात चार पिढ्यांचा फोटो आहे, पणजीबाई ब्याण्णव वर्षांच्या. तो मोठ्या कॅमेऱ्यानं काढायचा, खांदा निखळला तरी चालेल. आणि तोच शेवटचा. मग दुकान भाड्यानं द्यायचं, मोबाइलवाला विचारतोच आहे. तेजलला अजून सांगितलेलं नाही. पोरगी रडेल, आणि मग आपल्यालाही आवरायचं नाही.

डोक्यावर पंखा फिरतोय. त्याचं एक पातं दर फेरीला कशाला तरी लागतं. खट्ट. खट्ट. मनोहरचे डोळे जड होतात. खट्ट. आणि मग दोन खट्टांच्या मधलं अंतर वाढत जातं, इतकं की पुढचा खट्ट येतच नाही.

शटरखालून कोणीतरी वाकून आत येतं.

“जागेच आहात ना?”

“जागाच आहे मी,” मनोहर म्हणतो.

“गालावर फळी उमटलीये.”

शैला आहे. अबोली साडी, खांद्यावर पदराला पिन, चपला हातात. पावलं ओली आहेत. ती गेलेली आहे हे मनोहरला माहीत आहे, पण या घटकेला ते विचारणं म्हणजे पाहुण्याला ‘कधी निघणार’ विचारण्यासारखं वाटतं. म्हणून तो उठून बसतो.

“चला, धरा,” ती म्हणते आणि बॅगेचा एक बंद उचलते.

तो दुसरा धरतो. दुकानाची पायरी उतरली की रस्ता लागायला हवा, पण लागतं ते मंगल कार्यालय. तोरणं, समया, लाल खुर्च्यांच्या रांगा. घोट्यापर्यंत समुद्राचं पाणी आलंय आणि कोणाला त्याचं काही नाही. आचारी पाण्यातूनच जिलब्यांचं ताट घेऊन जातो. बॅग नेहमीसारखी दोघांच्या मधे झुलते. मनोहरचा खांदा दुखत नाही. त्याला इतकं बरं वाटतं की हे कार्यालय संपूच नये.

“जड झालीये,” शैला म्हणते. “काय भरलंयत हो?”

“कॅमेरा. लेन्सा.”

“बघू.”

ती बॅग खुर्चीवर ठेवते आणि उघडते. आत कॅमेरा नाही. होडीचा नांगर आहे, गंजलेला, दोन्ही आकडे कापडात रुतलेले.

“अग्गोबाई! आमच्या बाबांचा नांगर हा. चौदा महिने हा खांद्यावर घेऊन हिंडताय होय? मग खांदा काय गाणं म्हणेल?”

मनोहर ओशाळतो. खरं तर त्याला हसायला येतंय. ती गेल्यापासून त्याला असं कोणी बोललेलं नाही. लोक सांत्वन करतात, जेवलात का विचारतात, पण झापत कोणी नाही.

“ती बघा,” शैला स्टेजकडे बोट दाखवते.

स्टेजवर शनिवारचं साखरपुड्याचं घर बसलंय. तसंच. पोटं आत, माना ताठ, गाल फुगलेले. काकांचा चेहरा जांभळा व्हायला आलाय.

“शनिवारपासून अशीच आहेत?” मनोहर घाबरून विचारतो.

“मग काय करतील बिचारी? त्यांना कोणी सांगितलं का?”

“काय सांगायचं?”

शैला त्याच्याकडे बघते. मग त्याच्या मागे, उजव्या खांद्याशी, तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते,

“झाऽलं!”

आणि सगळं घर एकदम सुटतं. काका हुश्श करून मागे रेलतात. मुलगी मुलाला कोपर मारते. तिची आई डोळे पुसते. एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन खुदकन हसते. कोणी कोणाकडे बघतंय, कोणी केस सारखे करतंय, आणि प्रत्येकजण आपल्या घरात असतो तसा दिसतोय.

मनोहरला आठवतं. आठवतं म्हणजे काय, हे तर तो रोज करत होता. पहिला खट्ट लोकांसाठी. मग शैला म्हणायची ‘झालं’, माणसं सैल व्हायची, आणि तेव्हा तो दुसरा काढायचा. तोच खरा. लोकांनी भिंतीवर लावले, देवघराशेजारी ठेवले, ते सगळे ‘झालं’नंतरचे. फुशारकी मात्र त्यानं कॅमेऱ्याची मारली, लेन्सांची मारली. तो मोठा कॅमेरा आणि त्याचा तो भारदस्त आवाज!

“म्हणजे या लहान कॅमेऱ्याचा दोष नाही,” तो हळूच म्हणतो.

“मूर्ती लहान, पण कीर्ती महान असेल त्याची. तुम्ही त्याला संधी दिलीत कुठे? सासू सुनेला देते तेवढीसुद्धा नाही.”

“तू मेल्यावरही टोमणे सोडले नाहीस.”

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” शैला म्हणते. “चुकीचं आहे. मेल्यावरही जात नाही.”

कार्यालय आता नाही. हर्णैचा धक्का आहे, कोवळं सकाळचं ऊन, होड्या एकमेकींना घासतायत. धक्क्याच्या टोकाशी स्टुडिओतलं स्टूल ठेवलंय आणि त्यामागे निळा पडदा, ज्याला वर काहीच आधार नाही. मनोहरला यात वावगं वाटत नाही. त्याला वेगळंच काही सलतंय, आणि इथे ते बोलता येतंय.

“शैला, या लहान कॅमेऱ्याच्या बॅगेला एकच बंद आहे.”

“मग?”

“तू काय धरशील?”

ती चपला खाली ठेवते. पाण्यावर एक होडी डुलते.

“अहो,” ती म्हणते, “बॅग धरायला मी तुमच्या घरी आले होते का? हमाल मिळाला नसता दापोलीत?”

“तसं नाही ग.”

“मग कसं? माझं काम मागे उभं राहून बघायचं होतं. तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुमचा मोठा कॅमेरा खट्ट करतो ना, तेव्हा आतला आरसा वर उडतो. त्या वेळी तुम्हाला काय दिसतं?”

“काळोख. डोळ्याची पापणी लवते तेवढाच.”

“तेवढाच. पण फोटो तेव्हाच निघतो. म्हणजे पंचवीस वर्षं फोटो तुम्ही काढलेत, आणि तो क्षण बघितला मी. नवरी पहिल्यांदा हसली, बापाचा हुंदका बाहेर पडला, सगळं मी बघितलं. तुम्हाला काळोख. मला फार वाईट वाटायचं.”

ही गोष्ट मनोहरला माहीत होती, प्रत्येक फोटोवाल्याला असते. पण तिला कधी वाईट वाटलं असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“यात आरसा नाही म्हणाली ना तेजू? मग आता तुम्ही बघा,” शैला म्हणते आणि स्टुलावर जाऊन बसते. “काढा माझा. जन्मभर मागेच उभी राहिले, माझा म्हणून एक फोटो नाही धड. त्या दिवशी हार घालायला आधार कार्डावरचा मोठा करून आणलात. फोटोवाल्याची बायको मी, काय दिसत होते त्यात!”

“माफ कर.”

“काढा आता. आणि लक्षात ठेवा, मागे कोणी नाहीये.”

तो लहान कॅमेरा डोळ्याला लावतो. शैला ताठ बसते, पदर सारखा करते, श्वास धरते. सगळ्यांसारखीच! इतकी वर्षं लोकांना सैल करणारी ही बाई स्वतः मात्र काठीसारखी बसलीये. मनोहर बटणावर बोट ठेवतो. आता म्हणायचं असतं. त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. त्याला वाटतं, म्हटलं की खरंच होईल. ती उठेल आणि निघून जाईल.

“मनोहरराव,” ती ओठ न हलवता म्हणते, “जीव गुदमरतोय माझा.”

“झालं,” तो म्हणतो.

शैला श्वास सोडते. खांदे उतरतात. मग ती हसते, डावीकडचा तो वाकडा दात दाखवून, जो ती पंचवीस वर्षं हातानं झाकत आली. मनोहर बटण दाबतो. आवाज होत नाही. काळोखही होत नाही. ती हसायच्या आधी दिसते, हसताना दिसते, हसून झाल्यावरही दिसते. मधे कुठेच तुटत नाही. तो बघतच राहतो.

“दिसलं?”

“दिसलं ग. सगळं दिसलं.”

“हां.” ती उठून जवळ येते. “आणि हा पट्टा काय असा? विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. कुठेतरी आपटाल.” ती त्याच्या मानेशी हात नेते. बोटं थंड आहेत, त्यांना खाऱ्या पाण्याचा वास आहे. दोन वेढे, टोक आत खोचून एक हिसका. तिच्या बाबांची होडी बांधायची गाठ. तिनं ती मनोहरला अनेक वेळा शिकवली आणि प्रत्येक वेळी त्याच्या हातून सुटली.

“पाचला येतेस ना?”

“पाचला तुम्ही जायचं. जरा आधीच जा. आणि पणजीबाईंना उन्हात बसवू नका, त्यांच्या डोळ्याला पाणी येतं.”

“आणि दुकान? भाड्यानं द्यायचं म्हणतोय.”

“कसलं भाड्यानं?” ती चपला उचलते. “ते काय विचारायचं असतं?”

ती शटरखालून वाकते. धक्क्यावर शटर कुठून आलं, असं मनोहरला वाटतं, आणि इतक्यात

खट्ट.

पंखा फिरतोय. खट्ट. खट्ट. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. अर्ध्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत आलाय, त्यात बाजारातल्या माणसांची नुसती पावलं जाताना दिसतात.

मनोहर धडपडत उठून बसतो आणि पहिलं काम करतो ते कॅमेरा चालू करण्याचं. कार्डावर शनिवारचे दहा फोटो आहेत. गाल फुगवलेले काका, ताठ मानेची नवरी. अकरावा नाही. तो पुन्हा मागे जातो, पुन्हा पुढे येतो. अकरावा नाहीच. तो स्वतःशी हसतो, पण ते हसू काही खरं नाही. वेडाच की आपण! स्वप्नातले फोटो कार्डावर कुठे येतात?

तो उभा राहतो. कोपऱ्यातल्या बॅगेकडे जातो, वाकतो, बंदाला हात घालतो. आणि थांबतो.

काहीतरी वेगळं आहे. वाकलं की कॅमेरा पोटावरून घसरून बाकाला, टेबलाला आपटायचा. सकाळपासून तीनदा आपटला. आता नाही आपटला. तो छातीशी आहे, बरोबर हात फार वर न नेता डोळ्याला लावता येईल इतक्या उंचीवर.

मनोहरचा हात मानेमागे जातो. पट्टा तिथे जाड लागतोय. तो पट्टा डोक्यातून काढून उजेडात धरतो. दोन वेढे. टोक आत खोचलेलं, घट्ट, टोकाशी अगदी थोडंसं ओलं.

त्याला ही गाठ येत नाही. अख्ख्या दापोलीला माहीत आहे की त्याला ही गाठ येत नाही. मांडवात पडद्याची दोरी सुटली की लोक त्यालाच हसायचे.

तो ती सोडवून बघत नाही. बॅगेचा बंद हातातून सोडतो, कॅमेरा पुन्हा गळ्यात घालतो. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजते, कोणीतरी कोणालातरी हाक मारतं. मेहेंदळ्यांच्या अंगणात आता खुर्च्या मांडत असतील. मनोहरच्या लक्षात येतं की आपण उठल्यापासून श्वास धरून उभे आहोत, पोट आत, मान ताठ.

“झाऽलं,” तो मोठ्यानं म्हणतो.

आणि श्वास सोडतो.