शाहूपुरीत दुरुस्त झालेला टोनआर्म

रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या टोनआर्मसाठी, म्हणजे सुईच्या दांड्यासाठी, लोक आजही एवढे का धडपडतात, असं मला विचारतात. मला ते कोल्हापुरात कळलं, ऐंशीच्या आसपास. कळलं तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती.

मी कॉलेजात होतो. बाबांचा जीव त्या प्लेअरमध्ये. डिसेंबरात दांडा अडकायला लागला, सुई एकच ओळ घोकत बसायची. साताऱ्यात कुणाला जमेना, म्हणून बाबा आणि मी सकाळच्या एसटीने कोल्हापूरला निघालो. कराडला चहा, पुढे उसाच्या गाड्यांमागे रखडपट्टी. टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर बाबांनी शेवटपर्यंत मांडीवर धरला होता. तुम्ही असलं काही नेणार असाल तर दांडा आधी दोऱ्याने बांधा, धक्क्याने सुई मोडते. स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढणारी, पण झकास. तिथून शाहूपुरीतलं प्लेअर दुरुस्तीचं दुकान चालत दहा मिनिटांवर.

मिस्त्री साठीचे. दांडा बोटाने हलवून म्हणाले, असला आता मिळत न्हाय. मागचं वजन फिरवून सुईचा भार हवा तेवढाच ठेवता येतो, रेकॉर्ड खरवडत नाही. नव्या प्लास्टिकच्या दांड्यांना ते जमत नाही. मग त्यांनी सांधा उघडला, आत पांढरं गोठलेलं काहीतरी होतं. त्यांनी वास घेतला.

"खोबरेल हाय की हे! थंडीत गोठलंय. कुणी घातलं?"

मीच घातलं होतं. बाबा ऑफिसात असताना, दांडा मऊ चालावा म्हणून. आणि मी काय बोललो?

"बाबांनी घातलं असेल. वय झालंय त्यांचं."

मिस्त्रींनी बाबांच्या डोक्याकडे पाहिलं. पूर्ण टक्कल. मग माझ्या चापूनचोपून बसवलेल्या केसांकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो, माझ्याच हातनं झालं," बाबा म्हणाले.

 मिस्त्रींनी पेट्रोलच्या बोळ्याने सांधा पुसला, कोरडाच बसवला. यात तेल घालायचं नसतं, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. परतीच्या एसटीत बाबांनी मला खिडकी दिली. मी कराडपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

तो दांडा आजही लोण्यासारखा फिरतो. विकत मागणारे येतात, मी देत नाही. कोल्हापूरहून आल्यावर बाबा रोज रेकॉर्ड लावायचे आणि मला हाक मारायचे, "ये, सुई तू ठेव." मी अभ्यासाचं कारण सांगायचो. ते गेले, तोवर मी एकदाही उठलो नाही.