दादाच्या रणगाड्यावरची धूळ

दादा लष्करात रणगाडा चालवायचा. तो भरती झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यामुळे भाऊ म्हणून तो मला सुट्टीपुरताच मिळाला. निवृत्तीनंतर तो अकोल्यात राहिला, मी अमरावतीत. लग्नकार्यात भेटायचो, शेतीचं बोलायचो, की झालं.

मला प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडायचा नाद आहे. एकदा दादा घरी आला तेव्हा मी मुद्दाम तो चालवायचा तसलाच एक जोडून ठेवला होता. वीतभर लांब, हिरवा, चकचकीत. दादानं चष्मा लावला.

"परेडीले चालला का हा?"

"मळवायचा आहे अजून," मी म्हटलं आणि त्यासाठी शेतातून आणून, चाळून ठेवलेली माती दाखवली.

तो हसतच सुटला. "अबे, हे तं आपल्या वावरातली काळी माती! इच्यात टँक फसला असता. राजस्थानात रेती रायते. पिवळी, पिठावानी."

मग तो रविवारी यायला लागला. अकोल्याहून सकाळची गाडी धरून बडनेऱ्याला उतरायचा, मी स्कूटरवर घेऊन यायचो. खडू घासून आम्ही वाटीत पूड करायचो. पिवळी, त्यात थोडी विटकरी. "अजून फिकी कर," म्हणून तो मला तीनतीनदा ती बदलायला लावायचा. पूड ब्रशनं बसवता बसवता तो बोलायचा. चढताना बूट कुठं घासतो आणि तिथला रंग कसा उडतो. वाळूच्या वादळात चौघं जण आत कसे बसून राहिले, आणि पाणी संपल्यावर त्याला घरचं ताक कसं आठवत होतं.

"हे कधी सांगितलं नाहीस, दादा."

"तू कधी इचारलं?"

शेवटचं काम मॅट वार्निशचं. ते फवारलं की रंगाची चमक मरते आणि धूळ पक्की बसते. "पुढच्या रविवारी करू," म्हणून दादा गेला. बुधवारी त्याला हृदयविकाराचा झटका आला. मी अकोल्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कित्येक महिने रणगाडा खोक्याखाली झाकून होता. जरा धक्का लागला की पूड टेबलावर सांडायची. वार्निशनं ती थोडी फिकट पडते, हेही मला माहीत होतं. शेवटी एका सकाळी गच्चीवर नेऊन फवारलंच. वाळल्यावर चमक गेली, पण डाव्या बाजूला दादानं बसवलेली धूळही निम्मी दिसेनाशी झाली. तिथं नवी लावायला माझा हात धजला नाही.

तसाच तो वहिनीकडे नेला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ पाहिला.

"भाऊजी, हे याच्यात कुठं बसत होते?"

मी पुढचं झाकण दाखवलं.

"इतक्याशा जागेत?" ती खाली बसली. "मले तं कधी काहीच सांगतलं नाही त्यायनं. तुमाले सांगत होते?"

मी सांगायला लागलो. चहा निवून गेला. मी थांबलो की ती म्हणायची, "आणखी?" आठवेल ते सगळं सांगितलं, काही दोनदा सांगितलं. मग माझ्याजवळचं संपलं. ती अजून माझ्याकडेच पाहत होती.