शनिवारी म्हटलेला ‘कट’

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरी देव्हारा नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पौर्णिमेला मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो. कुणाकडे काही मागत नाही आणि कशाला घाबरतही नाही. पप्पा महाडला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायचे. लहानपणी अंधारात कुणीतरी आहे म्हणून मी रडले की ते लाइट लावायचे नाहीत. माझ्या हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, “जा, बघून ये. मग मला रिपोर्ट दे.”

तर हा रिपोर्ट समजा. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे भाषेत चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

काही जणांना आठवत असेल, मागच्या महिन्यात मी इथल्याच चित्रपट विभागात माझा पहिला सीन टाकला होता. ‘दिग्दर्शनाचा पहिला प्रयत्न, गोड बोलू नका, कन्स्ट्रक्टिव्ह फीडबॅक द्या’ असं वर लिहिलं होतं. पुण्यातल्या एका कोर्ससाठी तो पाठवायचा होता. पप्पांशी असं ठरलं होतं की तिथे निवड झाली तर मी जाणार, नाहीतर गुपचूप बी.एड. करणार. आता जी मुलगी रिक्षावाल्याला ‘थांबवा’ म्हणायची हिंमत गोळा करेपर्यंत घराच्या पुढे निघून जाते, तिने वर्गावर उभं राहायचं... असो.

तुम्ही खूप छान लिहिलंत. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. उद्धटपणा नव्हता तो. कारण हे आहे.

ज्यांनी सीन पाहिला नाही त्यांच्यासाठी — एक बाई घराच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली आहे. मुंबईहून मुलाचा फोन येतो, “आई, या मे महिन्यात पण जमत नाही गं.” ती म्हणते, “बरं. जेवत जा वेळेवर.” फोन खाली ठेवते. कट. मी लिहिलेला सीन एवढाच होता.

तुम्ही पाहिलेला सीन एवढ्यावर थांबत नाही. फोन ठेवल्यावर ती बाई बराच वेळ तशीच बसते. मग सोललेल्या वालांचे दोन वाटे करते. एक आपला आणि एक, न सांगताही कळतं, कुणाचा. दोन्हीकडे बघते. आणि मग तळहाताने हळूच दोन्ही वाटे परत एकत्र करते. बस.

सगळ्यांना तेच आवडलं. ‘फोन ठेवल्यावर कट न करण्याचा निर्णय फार मॅच्युअर आहे’, ‘दोन वाटे, कमाल’, ‘हे कसं सुचलं?’

मला सुचलं नाही. मी कट म्हटलं होतं.

शूटिंग सुलूमावशीकडे झालं, दासगावला, खाडीकडच्या वाडीत. मावशी अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तिने आयुष्यात कधी नाटकातही काम केलेलं नाही. कॅमेऱ्यावर रोशन. महाडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सीझनमध्ये तो लग्नांचं शूटिंग करतो. आम्ही तिघंच. मुलाचा आवाजही रोशननेच कॅमेऱ्यामागून दिला.

“मॅडम, मावशींना जरा स्माइल द्यायला सांगू का?” त्याने आल्याआल्या विचारलं.

“मुलगा येत नाहीये रे तिचा.”

“म्हणजे बिदाईवाला मूड. कळलं.”

“तू गप तुझा डबा धर,” मावशी म्हणाली. कॅमेऱ्याला ती शेवटपर्यंत डबाच म्हणत होती.

आता जागा नीट सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. मावशी भिंतीला टेकून बसलेली, तोंड कॅमेऱ्याकडे. तिच्या मागे भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, मावशीने तिच्यावरच कॅलेंडर टांगलंय. कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला दार, तिथे मी उभी. डाव्या हाताला कोपरा. कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी, बाकी काही नाही. तिथे खिडकीसुद्धा नाही.

शनिवार होता, सकाळची शाळा. जिल्हा परिषदेची शाळा मावशीच्या घराला लागूनच आहे. सुटल्याची घंटा झाली की पोरं गल्लीतून ओरडत पळतात, साउंडचा सत्यानाश. म्हणून घंटेच्या आत टेक मिळवायचा होता. आधीचे दोन टेक माझ्यामुळेच वाया गेले, कारण माझं ‘कट’ कुणाला ऐकूच गेलं नाही. रोशन म्हणाला, “मॅडम, मनातल्या मनात नका बोलू. टाळी तरी वाजवा.”

तिसऱ्या टेकला मावशीने फोन ठेवला आणि त्याच क्षणी शाळेची घंटा सुरू झाली. ठण... ठण... मी टाळी वाजवली आणि म्हटलं — कट! मोठ्याने. इतक्या मोठ्याने की माझी मलाच लाज वाटली.

कुणीही थांबलं नाही.

मावशी तशीच बसून राहिली. रोशनचा डोळा कॅमेऱ्याला. मला वाटलं हे दोघं माझी मस्करी करतायत. मग मावशीचे हात हलायला लागले, ते दोन वाटे झाले... आणि मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले. परत ‘कट’ म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. वाटे एकत्र झाले. रोशनने आपणहून मान वर केली. “हा ओके ना मॅडम? खतरनाक झाला.” गल्लीतून पोरं दप्तरं आपटत पळत होती.

मी काही बोलले नाही. माझा स्वभावच तसा आहे. आपलंच काहीतरी चुकलं असेल, हेच आधी डोक्यात येतं. घरी येऊन फुटेज पाहिलं. त्यात माझं ‘कट’ नाही. टाळी नाही. घंटा नाही. मावशीच्या पदराला लावलेल्या माइकवरही नाही आणि कॅमेऱ्याच्या आवाजातही नाही. पडवीची शांतता, वाल सोलल्याचा बारीक आवाज, लांबून एक कावळा. मी स्वतःला समजावलं, घाबरून मनातच म्हटलं असेल. घंटाही मनातच वाजली असेल. सीन चांगला झाला होता. शीर्षकं लावली आणि इथे टाकला.

तुमच्यातल्या एकाने — नाव लिहीत नाही, त्यांनाही कदाचित आवडणार नाही — एकच दोष काढला होता. ‘सीन उत्तम, पण आयलाइन सांभाळा. वाटे करताना अभिनेत्री दोनदा फ्रेमच्या बाहेर डावीकडे बघते, कुणाच्या तरी सूचना ऐकत असल्यासारखी. तुम्ही तिथे उभ्या होता का? दिग्दर्शकाने कलाकाराच्या नजरेत येऊ नये.’

मी तिथे नव्हते. मी उजवीकडे, दारात होते.

फुटेज परत लावलं. खरंच बघते. एकदा वाटे करायच्या आधी आणि एकदा ते एकत्र करायच्या आधी. दुसऱ्या वेळी तर किंचित मान हलवते, ‘हो’ म्हटल्यासारखी.

मावशीला फोन केला.

“मावशी, ते वाट्यांचं तू कसं काय केलंस गं?”

“कसं म्हंजे? तूच बोललीस ना गो. येगळे काढ म्हनून.”

“मी?”

“मग कोन? रोशन? येगळे काढ बोललीस, मी काढले. मग बोललीस, नको, एकच कर. मी बोलली आता पोरीच्या डोक्यात काय हाय ते तिलाच म्हाइत.”

“कुठून बोलले मी?”

“कोठीकडनं. का गो? बरी हायस ना?”

मग रोशनला विचारलं. “हो, बोललात की तुम्ही. हळू बोललात, नेहमीसारखं.” घंटेचं विचारलं तर म्हणाला, “घंटा झालीच नाही मॅडम, आपलं नशीब.” मी म्हटलं, अरे पोरं तर सुटली होती! त्यावर तो म्हणाला, “गाणं टाकूया का मागे? सगळं झाकलं जाईल.”

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. जेवताना उठायचे, पुस्तक उघडायचे, मिटायचे. भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी होतं ते... आपल्या वहीत दुसऱ्याने आपल्याच अक्षरात लिहून ठेवावं तसं. आणि मजकूर आपल्यापेक्षा चांगला असावा! कोर्सवाल्यांना सीनबरोबर ‘यातला तुमचा एक निर्णय समजावून सांगा’ असं टिपण हवं होतं. मी काय सांगणार होते?

पप्पांच्या भाषेत टॉर्च घेऊन बघून यायचं ठरवलं. पुढच्याच रविवारी आम्ही परत दासगावला गेलो. दोघांना सांगितलं की हातांचे क्लोजअप हवे आहेत. मनातून मला वेगळंच हवं होतं. मी ठरवलं की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. रोशनला आधीच सांगून ठेवलं, “तू चालू कर आणि चालूच ठेव. मावशी, तू सोलत राहा.” मग दारात त्याच जागी उभी राहिले आणि चक्क ओढणीचं टोक दातांत धरलं.

वाल सोलले जात होते. सालं ताटलीत पडत होती. मी कोठीकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. कोठी होती.

आणि एकदम मावशीने हात झटकले, गुडघ्यावर हात देऊन उठली. रोशननेही कॅमेरा खाली घेतला.

“का थांबलात?” माझ्या दातांत अजून ओढणी.

“तुम्हीच कट बोललात ना,” रोशन म्हणाला.

मावशी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. “आज मोठ्यानं बोललीस गो बाय. बरं वाटलं. आसंच बोलत जा.”

मी रोशनच्या हातातून हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि क्लिप पहिल्यापासून लावली. वालांचा आवाज... सालं... आणि मग घंटा. ठण, ठण. टाळी. आणि माझा आवाज — कट! त्यानंतर परत घंटा, तीन-चार ठोके, आणि लांबून पोरांचा गलका.

मी हेडफोन रोशनला दिला. त्याने ऐकलं. कॅमेरा तसाच पायरीवर ठेवून तो बाहेर गेला. मीही गेले. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. पटांगणात एक शेळी. रविवारच होता.

“मॅडम,” रोशन फाटकाकडे बघत म्हणाला, “पुढच्या वेळेला आपण लग्नच शूट करू.”

मावशीला आम्ही काही सांगितलं नाही. तिला त्याच घरात राहायचं आहे.

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. हेडफोन लावून क्लिप ऐकली. मग जे मला वाटलंच होतं तेच म्हणाले, “फाइल मिक्स झाली असेल. कार्ड तेच असेल, शनिवारचं काहीतरी राहिलं असेल.”

“शनिवारच्या फाइलमध्ये ते नाहीच आहे, पप्पा. आणि कार्ड नवीन होतं.”

“परत लाव.”

परत लावली. मग अजून एकदा. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याची वायर सरळ करत बसले.

“तुझाच आवाज आहे,” ते म्हणाले. “पण मी तुला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलंच नाही.”

मी विचारलं, “मग कोर्सला काय पाठवू? सगळ्यांना वाट्यांचंच आवडलंय. तेच पाठवलं तर निवड होईल. तुम्हीच बघा ना कमेंट्स.”

“ते तू केलंस का?”

“नाही.”

“मग?” म्हणाले आणि उठून टीव्ही लावला. आमच्याकडे चर्चा अशीच संपते.

त्या रात्री मी वाट्यांचा भाग काढून टाकला. सीन माझ्या जागी संपवला, मावशी फोन ठेवते तिथे. पाहिला आणि खरं सांगायचं तर रडायला आलं. अगदीच कोरडा. बाई फोन ठेवते, संपलं, पुढे काय? मग रविवारची क्लिप उघडली. माझं ‘कट’ आणि टाळी कापली, पुढचे घंटेचे ठोके आणि पोरांचा गलका तेवढा उचलला आणि शनिवारच्या चित्राखाली ठेवला. फोन खाली टेकतो त्याच ठिकाणी. सरकवायला लागलं नाही. मावशी फोन ठेवते, शेजारची शाळा सुटते, दुसऱ्यांची पोरं ओरडत घरी पळतात, आणि ती वालांकडे हात पुढे करते. कट.

हा माझा निर्णय आहे. टिपणात तेच लिहिलं. घंटा कुठे आणि कधी रेकॉर्ड झाली, ते लिहिलं नाही. खरं तर ती त्याच क्षणाची आहे, फक्त आली उशिरा. हे कुणाला समजावून सांगणार?

कोर्सचं उत्तर अजून आलेलं नाही. मावशीकडे जाऊन आले, ती मजेत आहे. कोठीतले तांदूळ काढताना मी तिच्या मागे उभी राहिले होते, काही जाणवलं नाही. त्या दिवशी तिला कुणी सांगितलं, माझ्या आवाजात का, आणि ते इतकं बरोबर का होतं... माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. पप्पांकडेही नाही. पण हल्ली कुणी असला अनुभव सांगायला लागलं की ते पेपर बाजूला ठेवून ऐकतात. एवढा फरक पडला आहे.

मला दुसरीच एक सवय लागली आहे. परवा वीर स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याला म्हटलं, “इथे थांबवा.” आणि तो ब्रेक लावेपर्यंत श्वास धरून बसले... ऐकू गेलं का नक्की?

थांबला. बरोबर दारासमोर.

नवीन सीन चित्रपट विभागात टाकला आहे. जुन्याखालच्या कमेंट्सना मी ‘थँक यू’ म्हटलेलं नाही, कारण ते कौतुक कुणाचं आहे मला माहीत नाही. या नवीन सीनवर मात्र मनापासून सांगा, गोड बोलू नका. मावशीचा चेहरा शेवटी थोडा कमी वेळ दिसतो का? आणि घंटा फार मोठी तर वाटत नाही ना?