तुटक बाण

शेजारचे आबा पाइपच्या कारखान्यात कामांचं वेळापत्रक आखायचे. निवृत्त झाले तरी हात थांबलेला नाही. गल्लीत भरीत-पार्टी ठरली, तरी ते कागदावर गोल काढतात, बाणांनी जोडतात आणि जे काम एक दिवसही लांबून चालणार नाही त्यावर लाल पेन्सिल फिरवतात.

माझ्या मुलीच्या लग्नाचा आराखडाही त्यांनीच काढला. प्रत्येक बाणावर दिवस लिहिलेले. फक्त पत्रिका छापण्याआधी एक तुटक बाण होता. त्यावर शून्य, आणि गोलात लिहिलं होतं, 'पारोळा'.

पारोळ्याला माझा मोठा भाऊ राहतो. आमचं बोलणं बंद होतं, हे मी आबांना कधीच सांगितलं नव्हतं.

"हे काय, आबा?"

"याले येळ लागत नही," ते पेन्सिलीला टोक करत म्हणाले, "पन याना बिगर पुढलं बठ्ठं काम अडस."

मी गेलो. भावानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतल्यावर मी शून्य खोडून 'एक दिवस' लिहिलं.

आबांनी ते खोडलं आणि पुन्हा शून्य काढलं.

"भाऊना घरना दिन कोनी मोजस का?"